अश्वशाळेची कलाशाळा

बीड जिल्ह्याचा मध्ययुगीन इतिहास बव्हंशी घोड्याच्या पाठीवर घडला, असे विधान केल्यास त्यात अतिशयोक्तीचा दोष येणार नाही. याच जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी राक्षसभुवन येथे, १० ऑगस्ट १७६३ रोजी, नदीला पावसाळ्याचे पाणी असताना आणि निजामअलीचे अर्धे सैन्य पलीकडच्या तीरावर उतरलेले असताना, थोरल्या माधवरावांच्या मराठी स्वारांनी अलीकडे राहिलेल्या सैन्यावर झडप घातली आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तेथेच कामास आला. पुढे बत्तीस वर्षांनी, ११ मार्च १७९५ रोजी, जिल्ह्याच्या सीमेला लागूनच असलेल्या खर्ड्याच्या मैदानात मराठ्यांचे आणि निजामाचे अफाट घोडदळ पुन्हा समोरासमोर उभे राहिले. आणि लढायांचे युग मावळल्यावरही या भूमीवरील टापांचा आवाज थांबला नाही. कारण अंबाजोगाई, जिला निजामी अमदानीत मोमिनाबाद म्हणत, ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या आणि निजामाच्या खर्चाने पोसलेल्या हैदराबाद कंटिंजंटच्या रिसाल्याची छावणी झाली. १९०३ साली हे कंटिंजंट हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाले, त्याच्या रिसाल्यांतून ‘डेक्कन हॉर्स’ या नावाची पथके उभी राहिली, आणि त्यांतील एका पथकाने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर, हाय वूड नामक जंगलाजवळ, भाले सरसावून घोडे घातले. त्या पथकाचा वारसा सांगणारी तुकडी आज भारतीय सैन्यात रणगाडे चालविते.

घोडे गेले; पण घोड्यांसाठी बांधलेल्या इमारती सर्वत्र एकदम गेल्या नाहीत. मराठवाड्यातील ज्या गावांत देशमुखांची, पाटलांची अथवा जहागीरदारांची गढी आहे, तेथे पांढऱ्या मातीच्या उंच बुरुजांच्या आत, महादरवाजा ओलांडून देवडीतून पुढे गेल्यावर, सदरेच्या आधी आणि बहुधा तटाच्या भिंतीला पाठ लावून उभी असलेली एक लांबच लांब ओवरी दृष्टीस पडते. सागवानी किंवा दगडी खांबांच्या रांगेने तिचे खण पाडलेले असतात, मागच्या भिंतीत दगडी गव्हाणी असतात, गव्हाणींच्या वर लोखंडी कड्या असतात, आणि जमिनीच्या फरशीला एका बाजूस उतार देऊन पन्हळ काढलेला असतो. हीच पागा. येथे घोड्यांची ठाणे होती. आगाडी-पिछाडी बांधून जनावर उभे केलेले असे, मोतद्दार पहाटे खरारा करीत, तोबऱ्यातून हरभऱ्याची चंदी चारली जाई, आणि कोपऱ्यातल्या खोलीत खोगिरे, जिने आणि लगाम टांगलेले असत. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९४९ साली जहागिऱ्या खालसा झाल्या, त्या दिवसापासून या इमारतींचे प्रयोजन संपले. आज त्यांत कडबा रचलेला असतो, खताची पोती असतात, किंवा एखादा नादुरुस्त ट्रॅक्टर उभा असतो. आणि जेथे वारसदार पुण्या-मुंबईस जाऊन स्थायिक झाले आहेत, तेथे छप्पर बसून खांब विकले गेलेले असतात.

या पागांचे काय करावे, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे माझे उत्तर असे की त्यांची संग्रहालये आणि कलादालने करावीत. गढीतील दिवाणखान्याचे किंवा राणीवशाचे संग्रहालय करण्याच्या आधी पागेचे करावे. हे उत्तर कोणाला चमत्कारिक वाटेल. परंतु जगातील अनेक देशांनी हाच मार्ग पत्करलेला असून त्यांचा अनुभव आपल्यापुढे आहे.

या बाबतीत व्हिएन्ना नगराचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. ऑस्ट्रियाचा अधिपती आणि पवित्र रोमन सम्राट सहावा चार्ल्स याने १७१३ साली आपल्या राजवाड्यासमोर सहाशे घोड्यांची शाही अश्वशाळा बांधण्याचे काम योहान बर्नहार्ड फिशर फॉन एर्लाख या आपल्या काळच्या थोर वास्तुशिल्पज्ञावर सोपविले. पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्य लयास गेले, सम्राटाचे घोडे नाहीसे झाले, आणि १९२१ पासून त्या विस्तीर्ण आवारात व्यापारी जत्रा भरू लागल्या. त्या अवस्थेत अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर तेथे संग्रहालयांचे एक संकुल उभारावे अशी कल्पना निघाली. स्पर्धा झाली, आराखडे निघाले, आणि त्या आराखड्यांत एक उंच मनोराही होता. या मनोऱ्यावरून त्या शहरात वर्षानुवर्षे वाद झाला. जुन्या नगराच्या क्षितिजरेषेला हा मनोरा बाधक ठरेल असे म्हणणाऱ्या नागरिकांनी आणि वृत्तपत्रांनी इतका नेट लावला की अखेर मनोरा रद्द झाला, नव्या इमारतींची उंची आवरती घेण्यात आली, आणि २००१ साली जेव्हा ते संकुल खुले झाले तेव्हा रस्त्यावरून पाहणाऱ्याला फिशर फॉन एर्लाखची लांब, शांत दर्शनी बाजू पूर्वीसारखीच दिसत होती; पांढऱ्या चुनखडीच्या दगडाचे लिओपोल्ड संग्रहालय आणि काळ्या बेसाल्टचे आधुनिक कलेचे संग्रहालय ही दोन्ही आतल्या चौकात, जुन्या इमारतीच्या पाठीशी उभी राहिली. या हकीकतीत मला सर्वांत अधिक मोलाची वाटते ती त्या नागरिकांची चिकाटी. जुन्या वास्तूचे नवे प्रयोजन ठरविण्याचा अधिकार केवळ धनिकाचा, सरकारचा किंवा वास्तुशिल्पज्ञाचा नसून रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या माणसाचाही आहे, हे तत्त्व त्यांनी प्रत्यक्षात आणून दाखविले.

दुसरे उदाहरण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटनचे. ते मी थोडे विस्ताराने सांगतो, कारण त्यात आपल्या माणसांचा संबंध येतो. तेथे वेल्सच्या राजपुत्राने, जो पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आला, १८०३ ते १८०८ या काळात विल्यम पोर्डन याच्याकडून आपल्या घोड्यांसाठी घुमटाकार अश्वशाळा बांधून घेतली. घुमटाची रचना पॅरिसच्या धान्यबाजारावरून सुचलेली होती, तर बाह्य अलंकरण हिंदुस्थानातील इमारतींच्या चित्रांवरून घेतलेले होते. त्या वेळी राजपुत्राचे स्वतःचे घर त्या मानाने इतके साधे होते की घोडे धन्यापेक्षा अधिक थाटात राहतात, असे लोक म्हणू लागले. राजवाड्याला आजचे हिंदुस्थानी पद्धतीचे घुमट आणि मनोरे लाभले ते त्यानंतर, जॉन नॅश याच्या हातून. १८५० साली राणी व्हिक्टोरियाकडून ही सारी मालमत्ता ५३,००० पौंडांस ब्रायटनच्या नगरसंस्थेने विकत घेतली. १८६७ साली घुमटाखाली सार्वजनिक सभागृह झाले, आणि १८७३ साली अश्वशाळेच्या उर्वरित भागात ग्रंथालय, वस्तुसंग्रहालय आणि चित्रशाळा उघडली. म्हणजे ज्या काळी आपल्याकडे मोमिनाबादच्या छावणीत घोडे खिंकाळत होते, त्याच काळी तिकडे एका अश्वशाळेत सामान्य नागरिक चित्रे पाहू लागले होते.

पण या वास्तूच्या चरित्रातील सर्वांत हृदयस्पर्शी अध्याय पुढेच आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी शिपायांसाठी डिसेंबर १९१४ पासून जानेवारी १९१६ पर्यंत हा राजवाडा आणि ही पूर्वीची अश्वशाळा यांचे रुग्णालय करण्यात आले. जेथे घोड्यांची ठाणे वर्तुळाकार मांडलेली होती, त्या घुमटाखाली आता खाटांच्या रांगा लागल्या आणि त्यांवर परदेशाच्या थंडीत कुडकुडणारे आपले जवान पडून राहिले. निरनिराळ्या धर्मांच्या आणि जातींच्या लोकांसाठी तेथे नऊ स्वतंत्र मुदपाकखाने घातलेले होते. आज त्या संग्रहालयात या पर्वाची स्मृती जतन केलेली आहे. अश्वशाळा, सभागृह, संग्रहालय, रुग्णालय आणि पुन्हा संग्रहालय, इतकी स्थित्यंतरे पचवूनही जी वास्तू आपले मूळ रूप टिकविते, तिची रचना मुळातच उदार असली पाहिजे, यात शंका नाही.

अन्य उदाहरणांचा केवळ निर्देश करतो. रोममध्ये क्विरिनाल टेकडीवरील अठराव्या शतकातील अश्वशाळेत १९३८ नंतर मोटारी उभ्या राहत असत. गाए औलेंती या विदुषीने तिचे रूपांतर केले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ती प्रदर्शनशाळा झाली. फ्रान्समधील शांतीई येथे झां ओबेर याने १७१९ ते १७४० या काळात कोंदे घराण्यासाठी बांधलेली १८६ मीटर लांबीची अश्वशाळा १९८२ पासून घोड्याचेच जिवंत संग्रहालय आहे. तेथे प्रेक्षक घोड्यांविषयीच्या वस्तूही पाहतात आणि प्रत्यक्ष घोडेही पाहतात. इंग्लंडमधील ग्रामीण जमीनदारांच्या हवेल्या करांच्या ओझ्याखाली वाकल्या, तेव्हा त्यांच्या अश्वशाळांना असेच आयुष्य मिळाले: नॉटिंगहॅमजवळील वोलॅटन हॉलच्या अश्वशाळेत त्या शहराचे औद्योगिक संग्रहालय आले, तर डेव्हन परगण्यातील आर्लिंग्टन कोर्ट येथे जुन्या घोडागाड्या मांडल्या गेल्या. आपल्या देशात जयपूरच्या राजवाड्यातील बग्गीखाना याच जातीचा. बीड ज्या संस्थानाचा भाग होते त्या हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्याचा जीर्णोद्धार होऊन तेथेही निजामांच्या बग्ग्या आणि जुन्या मोटारी आज जनतेला पाहावयास मिळतात.

आता कोणी विचारील की अश्वशाळाच का? याचे कारण तिच्या बांधणीत आहे. राजवाड्याचे महाल अलंकारांनी इतके भरलेले असतात की त्यांत आणखी काही मांडावयाचे म्हणजे एकाच वेळी दोघांनी बोलण्यासारखे होते. पागा मात्र लांब, सरळ, उंच आणि निरलंकृत असते. घोड्याला मोकळी हवा लागते, परंतु वाऱ्याचा झोत त्याच्या अंगावर थेट आलेला सोसत नाही. म्हणून झरोके भिंतीच्या अगदी वरच्या भागात ठेवीत आणि खालची भिंत अखंड राखीत. चित्र अथवा वस्त्र मांडावयास नेमके हेच हवे असते, कारण उंचावरून येणारा प्रकाश सौम्य असतो आणि भिंत मोकळी मिळते. बीडच्या उन्हाळ्यात, जेव्हा पारा चाळीस अंशांवर चढतो, तेव्हा हातभर जाडीच्या दगडी भिंतींच्या आड जो थंडावा राहतो, तो नव्या सिमेंटच्या इमारतीत विजेच्या यंत्रांवाचून मिळणे अशक्य. खांबांच्या रांगेमुळे दालनाचे विभाग आपोआप पडतात. आणि पागा दरवाज्याजवळ असल्यामुळे, धन्याच्या घरातील खासगीपणाला धक्का न लावता, गावच्या लोकांना तेथे सहज येता-जाता येते. वंशजांना गढीत राहायचे असेल तर त्यांनी खुशाल राहावे, पागा तेवढी गावाला द्यावी.

परंतु गुणांबरोबर पागेच्या अंगी एक जुनाट व्याधीही असते, आणि तिची ओळख नसलेला माणूस उत्साहाच्या भरात सारे काम नासवून बसतो. शेकडो वर्षे जनावरांचे मूत्र जेथे जिरले त्या भिंतींच्या पायथ्यात आणि फरशीखालच्या मातीत नत्राचे क्षार मुरलेले असतात. जुन्या काळी युरोपात बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा मिळविण्याकरिता सरकारी माणसे अश्वशाळांची जमीन खणून नेत, ती याच कारणाने. हे क्षार पावसाळ्यात हवेतील दमटपणा शोषून विरघळतात, भिंतीतून वर चढतात, आणि उन्हाळ्यात सुकून त्यांचे स्फटिक बनतात. स्फटिक फुगतो आणि गिलाव्याचे पापुद्रे उडू लागतात. यालाच आपल्याकडे भिंतीला लोणा लागला असे म्हणतात. लोणा दिसला की गवंडी त्यावर सिमेंटचा जाड थर चढवितो आणि मालकाला काम पक्के झाले असे वाटते. वस्तुतः त्या थरामुळे भिंतीचा श्वास कोंडतो, ओल अधिक वर चढते, आणि क्षार दगडालाच आतून पोखरू लागतात. योग्य उपाय संथ आणि स्वस्त आहे. मातीचा किंवा कागदाच्या लगद्याचा ओला लेप भिंतीवर थापावा, तो सुकताना क्षार आपल्यात ओढून घेतो, मग तो काढून टाकावा, आणि हे पुनःपुन्हा करावे. त्यानंतर चुन्याचा गिलावा करावा, जो काही वर्षांनी झिजला तर पुन्हा करता येतो. चित्रे आणि पोथ्या भिंतीला टेकवून कधीही लावू नयेत. भिंतीपासून हातभर अंतरावर उभ्या केलेल्या स्वतंत्र चौकटींवर त्या मांडाव्यात.

मराठवाड्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात धरली पाहिजे, आणि तिचा विसर पडणे हा मी अक्षम्य अपराध मानतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीच्या भूकंपाने सुमारे आठ हजार माणसे मारली, ती मुख्यतः घरांच्या भिंतींखाली सापडून. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे अवजड माळवद, ही जी आपल्या प्रदेशाची बांधणी, ती उन्हापासून रक्षण करते पण धरणीकंपापुढे ढासळते. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दोन थर एकमेकांपासून सुटतात आणि कोसळतात. त्याच वेळी असेही दिसून आले की जेथे सागवानी खांब-तुळयांची चौकट शाबूत होती, तेथे भिंती पडूनही पुष्कळ ठिकाणी छप्पर उभे राहिले. पागेचे खण नेमक्या अशाच लाकडी चौकटीवर उभे असतात. म्हणून शाळेची मुले ज्या दालनात आणावयाची, तेथे आधी तज्ज्ञ अभियंत्याकडून तपासणी करवून, भिंतीचे दोन्ही थर सांधणारे लांब दगड बसवून, छपरावरील मातीचा अनावश्यक भार उतरवून आणि लाकडी चौकटीचे सांधे बळकट करून मगच दरवाजे उघडावेत. कपाटे आणि दिवे ही त्यानंतरची गोष्ट.

दुरुस्तीचे तत्त्व कोणते असावे, याविषयी १९६४ सालच्या व्हेनिसच्या सनदेने स्पष्ट निर्णय दिलेला आहे: जुन्या स्मारकाला समाजोपयोगी काम लाभावे हे इष्टच, परंतु त्या कामासाठी इमारतीची मूळ मांडणी किंवा सजावट बदलता कामा नये. यानुसार पागेतील गव्हाणी फोडून जमीन सपाट करणे, कड्या उपटणे, पन्हळ बुजवून चकचकीत फरशी बसविणे, ही सर्व कृत्ये निषिद्ध ठरतात. उताराची फरशी चालण्यास गैरसोयीची असेल तर तिच्यावर सुटी लाकडी तक्तपोशी घालावी, जी पुढच्या पिढीला हवी तेव्हा उचलून ठेवता येईल. गव्हाण हीच वस्तू ठेवण्याची बैठक करावी. आणि एक ठाण तरी जसेच्या तसे, खुंटा, दोरखंड, तोबरा यांसह राखून ठेवावे.

अशा संग्रहालयात मांडावयाचे काय, हा प्रश्न बीड जिल्ह्यात तरी पडू नये. ज्या भूमीत मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांनी कापडाच्या लांबलचक पासोडीवर पंचीकरण लिहिले, जेथे अंबाजोगाईच्या लेण्यांच्या अंगणात खडकातून कोरलेले प्रचंड हत्ती उभे असल्यामुळे लोक त्या शिवमंडपाला हत्तीखानाच म्हणतात, जेथे धारूरचा आदिलशाही किल्ला आणि बीड शहराजवळची सोळाव्या शतकातील खजाना विहीर आहे, तेथे सामग्रीची वाण नाही. मोडी दप्तरे, सनदा, जमाबंदीचे कागद, विणकरांचे माग, ऊसतोडणीला दरवर्षी गाव सोडणाऱ्या कुटुंबांच्या बैलगाड्या आणि कोयते, हे सर्व या जिल्ह्याचे खरे चरित्र होय. प्रकाशाचे पथ्य मात्र कडक पाळावे लागेल; वस्त्र आणि कागद यांना तीव्र उजेड विषासमान असल्यामुळे तेथे दिवा मंदच असला पाहिजे आणि वस्तू काही महिन्यांनी विश्रांतीस नेल्या पाहिजेत.

तथापि पहिल्या दालनाचा मान मी घोड्याला आणि त्याच्या सेवकांना देईन. सभासदाने आपल्या बखरीत शिवकालीन पागेची व्यवस्था नोंदविताना पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, एक पखालजी आणि एक नालबंद असा हिशेब दिलेला आहे. म्हणजे पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा हे राज्यव्यवस्थेचे आवश्यक घटक होते. बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःचे घोडे आणी, आणि पागा ही सरकारी मालमत्तेची मोजदाद ठेवणारी एक कचेरीच असे. त्या कचेरीतील सेनापतींची नावे इतिहासात आली. मोतद्दार, नालबंद, खोगीर शिवणारे चर्मकार, पखालजी आणि गवत कापून आणणाऱ्या बाया यांची आली नाहीत. गढीचा दिवाणखाना धन्याचा होता, परंतु पागा या माणसांची होती. आणि म्हणूनच तिचे संग्रहालय गावातील प्रत्येक घराला आपले म्हणता येईल. भीमथडी घोड्याला अलीकडे राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळालेली आहे आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेत आजही घोड्यांचा बाजार भरतो. तेव्हा नालबंदीची आणि खोगिरांची विद्या जाणणारी माणसे शोधली तर सापडतील, आणि त्यांना संग्रहालयात गुरुजनांचे स्थान मिळावे.

हे सर्व करण्याची ऐपत कोणाची, असा आक्षेप येईल. मराठवाड्याच्या अनुभवाने त्याला उत्तर दिलेले आहे. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे हे काही संस्थानिक नव्हते. गावच्या परिसरात सापडणाऱ्या सातवाहनकालीन मृण्मय मूर्ती, मणी आणि नाणी यांचा संग्रह त्यांनी वर्षानुवर्षे केला, आणि तो पुढे शासनाकडे जाऊन त्यांच्या नावाचे संग्रहालय झाले. पैठणला बाळासाहेब पाटलांनी तेच केले. औरंगाबादला (आताच्या छत्रपती संभाजीनगरला) बुंदेला सरदाराने सतराव्या शतकात बांधलेला सोनेरी महाल हा तर जहागीरदाराच्या निवासाचे सरकारी संग्रहालय कसे होते याचा आपल्या दारातला पुरावा आहे. तेव्हा वस्तू जमविणारे हात आपल्याकडे आहेत, वास्तूही आहेत. उणीव आहे ती दोघांची गाठ घालून देणाऱ्या संस्थेची. गढ्यांपैकी बहुसंख्य खासगी मालकीच्या असून १९६० च्या राज्य कायद्याचे संरक्षण त्यांना लाभलेले नाही. वारसांत हिस्से पडलेले असतात, सात-बाऱ्यावर दहा-दहा नावे असतात, आणि एकाने विकावयाचे ठरविले की बाकीचे हतबल होतात. यावर तोडगा असा की मालकी न सोडता दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने केवळ पागा ग्रामपंचायतीला, शिक्षणसंस्थेला किंवा नोंदणीकृत न्यासाला द्यावी, दुरुस्तीची जबाबदारी घेणाऱ्याने पत्करावी, आणि घराण्याचे नाव दालनावर सन्मानाने राहावे. अंबाजोगाईला तर शतकाहून अधिक परंपरा असलेली शाळा आहे, महाविद्यालये आहेत, स्वामी रामानंद तीर्थांनी जेथे मुख्याध्यापकाचे काम केले ते हेच गाव. छावणीच्या काळातील ज्या वास्तू तेथे उरल्या असतील त्यांची पाहणी करण्याचे काम इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतले, तर त्याहून उत्तम प्रारंभ कोणता?

ज्यांच्या घराण्याची गढी अजून उभी आहे अशा वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. पागेचे लाकूड विकण्यापूर्वी किंवा तिच्या जागी दुकानांचे गाळे काढण्यापूर्वी, जवळच्या अभियांत्रिकी किंवा वास्तुकला महाविद्यालयाला पत्र लिहून तिची मोजमापे घेववा, प्रत्येक खणाची, गव्हाणीची आणि कडीची छायाचित्रे काढून ठेवा, आणि गावात ज्याच्या आजोबांनी त्या घोड्यांना नाल ठोकले असतील त्या म्हाताऱ्याला बोलावून त्याचे सांगणे उतरवून घ्या. या कामाला वह्या, टेप आणि दोन दिवस पुरतात. छप्पर पुढच्या पावसाळ्यात गळू नये म्हणून माळवदावर चुन्याचा कोबा घाला. पैसे जमल्यावर बाकीचे करता येईल.